सर आणि ठीक म्हणणारी वाडी

सरांना कुणी 'किती' विचारलेलं खपत नसे. एस.टी. पकडायची असली तर 'किती वाजले' एवढं ते कसंबसं सहन करत. बाकी कशालाही किती म्हटलं की कपाळाला आठ्या. "किती ते राहू द्या हो," म्हणायचे, "कशापेक्षा, ते सांगा."

म्हणजे मी आमटी दिली वाटीभर आणि विचारलं, "सर, तिखट किती झालीय?" तर उत्तर यायचं, "परवाच्या आमटीपेक्षा जास्त, पण त्या गणपतीतल्या उसळीपेक्षा कमी." गणपतीतली उसळ मला आठवत नसायची. त्यांना आठवायची.

महाडात बाजारपेठेच्या मागे आमची दोन खोल्यांची जागा होती, त्याला लागून त्यांची एक. घरमालकांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांचा मुलगा मस्कतला, त्यामुळे चाचांचं घर भाडेकरूंनी भरलेलं. सर मूळचे साताऱ्याकडचे. बायको लवकर गेलेली, मुलगा तिकडेच मामाकडे शिकायला, आणि हे इकडे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला. आमचे हे एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते आणि मी पोलादपूरच्या पलीकडे एका गावात सरकारी दवाखान्याच्या उपकेंद्रावर नर्स. आठवडाभर मी तिकडेच राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने महाडला यायची. म्हणजे सरांचा शेजार मला आठवड्यातून दीड दिवसच होता. तेवढा पुरायचा.

शेजारणी त्यांच्यावर चिडून असत. पोरांचे निकाल लागले की सर दारात उभं राहून एकेकाला विचारायचे, "कोणाच्या पुढे? कोणाच्या मागे?" मार्क सांगायला लागलं की कानावर हात. ज्याचं पोर मागे असेल त्या आईने सरांकडे पुढचे दोन महिने बघायचं नाही, हा आमच्या चाळीचा रिवाजच पडला होता. सरांना ते कधी कळलंच नाही. त्यांना वाटायचं बायका मुळातच कमी बोलतात.

एकदा त्यांना ताप आला. मी थर्मामीटर झटकून तोंडात द्यायला गेले तर मला वाटलं आता व्याख्यान ऐकावं लागणार. पण त्यांनी गुमान तोंड उघडलं. मी म्हटलं, "सर, आज अंश चालले वाटतं?"

थर्मामीटर काढल्याबरोबर म्हणाले, "तापाच्या अंशांवर माझा राग नाही, बाई. ते सगळे सारख्या उंचीचे असतात. माझा राग आहे तो माणसाच्या मनाला अंश लावणाऱ्यांवर."

मग अंगात ताप असताना ते मला बाहेर जिन्यापाशी घेऊन गेले. चाचांच्या घराचा जिना भलताच होता. खालच्या दोन पायऱ्या बेताच्या, तिसरी गुडघ्याएवढी, वरच्या पुन्हा लहान. नवा माणूस तिसरीला हमखास ठेचकाळायचा. चाचांनी गवंडी बोलावला होता ती दुरुस्त करायला, तर सरांनी त्याला परत पाठवला होता. "हा जिना माझा फळा आहे," असं चाचांना सांगितलं होतं. चाचा म्हणाले, "आपका फळा है तो आप ही चढो," आणि ते घराच्या मागच्या दाराने जायला लागले.

त्या जिन्याकडे बोट दाखवून सर म्हणाले, "कुणी विचारतं, अमुक गोष्ट आवडते का? उत्तरं पाच. फार वाईट, वाईट, ठीक, चांगलं, फार चांगलं. ह्या पाच पायऱ्या. कोणती वर कोणती खाली ते नक्की. पण ठीकवरून चांगल्यावर चढायला जेवढा पाय उचलावा लागतो तेवढाच चांगल्यावरून फार चांगल्यावर चढायला लागतो का? कुणालाच माहीत नाही. आणि हे शहाणे काय करतात? पायऱ्यांना एक दोन तीन चार पाच असे नंबर देतात, बेरीज करतात, भागाकार करतात, आणि सरासरी काढून मोकळे होतात! पायरीला नंबर दिला म्हणून पायऱ्या सारख्या होतात का?"

"होत नाहीत," मी म्हटलं. मला त्यांना आत नेऊन निजवायचं होतं.

रविवारी कधीकधी ते कॉलेजच्या पोरांना घेऊन महाडजवळच्या सव गावी जात. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत. लोक तिथे अंग शेकायला जातात, सर शिकवायला जात. एका रविवारी आम्ही दोघंही गेलो होतो. सरांनी एका मुलाला नदीच्या पाण्यात हात धरायला लावला आणि दुसऱ्याला कुंडाच्या. मग दोघांचे डोळे बांधून दोघांचे हात एकाच बादलीत घातले. नदीवाला ओरडला, "गरम!" कुंडवाला म्हणाला, "हॅ, गार आहे की." बाकीची पोरं हसायला लागली.

"दोघांपैकी कोण खोटं बोलतोय?" सरांनी विचारलं.

"कोणीच नाही," पोरं म्हणाली.

आमचे हे कडेला बसून पाय शेकत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "मग सर, पाणी खरं कसं होतं?"

सरांचा चेहरा असा काही उजळला की हे घाबरलेच. सर धावत येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हाच! हाच प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर विचारलेला नाही." पण उत्तर काही त्यांनी दिलं नाही. घरी येताना हे म्हणाले, "विद्वान माणूस आहे, पण गाडी गॅरेजमध्ये घेतो आणि बॉनेट उघडून बघतच बसतो."

आता मुख्य गोष्ट सांगते, म्हणजे माझी बदली.

माझं उपकेंद्र होतं तो गाव रस्त्याला लागून. त्याला आम्ही खालचा गाव म्हणायचो. तिथून डोंगरात चढून गेलं की वरची वाडी. कुडपण गावाच्या बाजूला तोंड करून बसलेली, घरं थोडकी, शेती नाचणी-वरईची, तरणी माणसं मुंबईला गिरणीत. वाडी माझ्याच हद्दीत. पावसाळ्यात त्या पायवाटेचा ओढा व्हायचा आणि मी साडीचा काष्टा मारून, औषधाची पेटी डोक्यावर घेऊन चढायची. दोन वर्षं वाडीतल्या बायकांनी मला ओटीवरूनच परत पाठवलं. तिसऱ्या वर्षी एकीने पोट दाखवलं. मग हळूहळू सगळ्या यायला लागल्या. वाडीतल्या भागीआजीची सून कमळ, तिची दोन मुलं जन्मताच गेलेली. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि मी आजीला शब्द दिला होता की ह्या वेळी मी हजर असेन. तो शब्द मी नुसता तोंडाने दिला नव्हता.

अशात जिल्ह्याच्या कार्यालयाने लोकांची मतं गोळा करायचं काढलं. कॉलेजची पोरं घरोघर जाऊन विचारून गेली. रस्ता कसा, एस.टी. कशी, रेशन कसं, शाळा कशी, पाणी कसं, नर्स कशी. उत्तरं तीच पाच. कार्यालयातल्या कुणा हुशार माणसाने पायऱ्यांना नंबर दिले, सरासरी काढली, आणि निघालं असं की खालच्या गावाने मला डोक्यावर घेतलंय आणि वरच्या वाडीने मात्र जेमतेम ठेवलंय. त्यावरून जिल्ह्याच्या साहेबांनी ठरवलं, ही बाई रस्त्याकडेच्या गावात बसून असते आणि डोंगरातल्या माणसांकडे दुर्लक्ष करते, भेदभाव करते. आमच्या केंद्राच्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुमचा बदलीचा कागद तयार होतोय. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आणि शेरा वाईट पडणार. फक्त महाडच्या कॉलेजातल्या त्या तज्ज्ञांची सही राहिलीय."

महाडच्या कॉलेजात तज्ज्ञ एकच होते.

त्या शनिवारी मी घरी न जाता आधी सरांच्या दारात उभी राहिले. खोलीभर कागद पसरले होते. एका बाजूला खालच्या गावाचे, एका बाजूला वाडीचे, आणि सर मधे मांडी घालून. मी म्हटलं, "सर, त्यांनी तुमच्या पायऱ्यांना नंबर दिलेत. भागाकार केलाय."

"केलाय ना! गाढव आहेत," सर म्हणाले. "मी सगळं नव्याने केलं. बघा, हा खालच्या गावातला एक माणूस, हा वाडीतला एक. कुस्तीची जोड लावतात तशी लावायची. कोण वरच्या पायरीवर? खालचा गाव. ह्याला एक विजय. पुढची जोड. बरोबरीत सुटले तर बाजूला. असं प्रत्येकाला प्रत्येकाशी लढवायचं. नंबर नाही, बेरीज नाही, कुणाच्या मनाला फूटपट्टी नाही. फक्त कोण वर, कोण खाली."

"आणि?"

सरांनी चष्मा काढला. "आकडे त्यांनी चुकीचे काढले, बाई. पण उत्तर तेच येतं. वाडीत तुम्ही हरलात. तिथल्या सगळ्यांनी तुम्हाला नुसतं ठीक म्हटलंय."

मी काय बोलले ते सगळं आता लिहीत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तुमच्या कुस्तीला चिखलातून चढून जायला लागत नाही." आणि दार आपटलं. दार त्यांचंच होतं. मला खरा राग सरांचा नव्हता, वाडीचा होता. ज्या भागीआजीच्या सुनेसाठी मी गौरीच्या सणाला घरी गेले नाही, त्या आजीने मला नुसतं 'ठीक' म्हटलं? रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं. ह्यांनी समजूत घातली, "लोकांचं असंच असतं." मला तेही आवडलं नाही.

पुढच्या शनिवारी सर माझी वाट बघत एस.टी. स्टँडवरच उभे होते. पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. मी बघितलं न बघितलंसं करून पुढे निघाले तर मागून आवाज आला, "बाई, वाडीतल्या लोकांना त्यांचा झरा आवडत नाही का?"

मी थांबले. "कोण म्हणतं आवडत नाही? मुंबईला जाताना बाटल्या भरून नेतात. गिरणीतल्या पोरांना तेच पाणी लागतं. देवाच्या आधी त्या झऱ्याला नारळ फुटतो."

"मग पाण्याला त्यांनी 'ठीक' का म्हटलंय?"

मला काय माहीत?

"आणि रस्ता?"

"वाडीला रस्ता नाहीच आहे, सर."

"त्यालाही ठीक! नसलेल्या रस्त्याला ठीक, एवढ्या गोड पाण्याला ठीक, शाळेला ठीक, रेशनला ठीक. अख्ख्या वाडीत एकही माणूस ठीकच्या वर चढलेला नाही आणि एकही खाली उतरलेला नाही." त्यांचा आवाज स्टँडभर ऐकू जात होता. "आणि खालच्या गावाने सगळ्यालाच फार चांगलं म्हटलंय. एस.टी.लासुद्धा! तुमच्या यजमानांना विचारा, ती एस.टी. फार चांगली आहे का!"

ते खरं होतं. पोरं खालच्या गावात विचारत फिरली तेव्हा सरपंच त्यांच्याबरोबर चहा पाजत फिरत होते. गावाला मोठा दवाखाना पाहिजे होता, साहेब खूश झाले तर मिळेल असा हिशेब होता.

"मी जोड्या लावल्या खऱ्या," सर म्हणाले, "पण दोघे एकाच जिन्यावर उभे आहेत असं धरून लावल्या. सवच्या बादलीसारखं झालंय हे. हात आधी कुठे होता ते मी विचारलंच नाही. बाई, ह्या वाडीचा हात आधी कुठल्या पाण्यात होता?"

सोमवारी पहाटेच्या गाडीने सर माझ्याबरोबर आले.

चढताना त्यांची जी अवस्था झाली ती मी मनात साठवून ठेवली आहे. दर वळणावर बसायचे आणि विचारायचे, "पुढचा चढ ह्या चढापेक्षा...?" मी म्हणायची, "जास्त." शेवटी विचारायचे बंद झाले. माझा राग निम्मा तिथेच उतरला.

वाडीच्या तोंडाशी झरा आहे. भागीआजी हंडा भरत होती. सरांनी ओंजळ धरली, प्यायले, पुन्हा धरली, पुन्हा प्यायले. मग आजीला विचारलं, "आजी, पाणी कसं आहे हो तुमचं?"

आजीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "हाय. ठीक हाय."

"मुंबईच्या पाण्यापेक्षा?"

आजीने नाक मुरडलं. ते बघून सर एकदम खाली दगडावर बसले. चोर पकडल्यासारखा आनंद झाला होता त्यांना. "म्हणजे वर आहे! मग मघाशी ठीक का म्हणालात?"

"तू सरकारी हायस का रे?" आजीने विचारलं.

"नाही नाही. मी मास्तर आहे, महाडला."

"मास्तर?" आजीने हंडा खाली ठेवला. "मंग तं तुला सांगूनच काय उपेग नाय."

मी मधे पडले. म्हटलं, "आजी, माझ्या ओळखीचे आहेत. शेजारी राहतात. ह्यांना सांगितलंस तर खाली जाणार नाही." आजी दगडावर टेकली आणि सांगायला लागली.

"आमच्या वाडीला एक गुर्जी व्हता. कमलच्या नवऱ्याच्या लहानपनी. हितंच ऱ्हायचा, आमच्यातलीच भाकर खायचा. पोरांना वाचाय शिकवलान, मला बी सही शिकवलान. मंग यक सायेब आला चढून. इचारलान, गुर्जी कसा हाय? आमी येडी मानसं, सगली बोललो, देवमानूस हाय, असा गुर्जी कुटं मिलायचा नाय. सायबानं ल्हिवून नेलान. म्हयना नाय झाला, गुर्जीला तालुक्याला नेलान. चांगला हाय ना, मंग डोंगरात कशाला, असं बोलले. शालंला कुलूप. दुसरा गुर्जी यायचा तवा यायचा, नाय तवा नाय."

"मग?"

"मंग काय. वाडीनं बसून ठरवलान. सरकारी मानसाम्होरं चांगलं म्हनून काय बोलायचं नाय. वाईट बी नाय, उगा राग कुनी घ्यायचा? ठीक हाय म्हनायचं. ठीकला कोन हात लावत नाय." आणि मग माझ्याकडे वळून, जरा लाजून म्हणाली, "म्हनून तं तुझं बी ठीक म्हनून सांगितला. कमलचं व्हईस्तवर तरी तुला कुनी नेऊ नये म्हनून."

मला रडू आलं. आठवडाभर मी ह्या बाईला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. मी तिचा हात धरून म्हटलं, "अगो आजी, त्याच ठीकमुळे मला नेतायत! तुम्ही मला नुसतं ठीक म्हटलं म्हणून साहेब म्हणतो मी वाडीकडे बघत नाही."

झऱ्यालगतच्या घराच्या दारात कमळ उभी होती, पोटावर हात ठेवून, तिनेही ऐकलं. आजी सरांकडे वळून म्हणाली, "मास्तर, तू शिकलेला हायस. मंग आता काय बोलू ता सांग. चांगली हाय बोलले तं नेनार. ठीक हाय बोलले तरी नेनार. काय बोलले तं ऱ्हाईल?"

माणसाला प्रश्न विचारण्यात ज्याचा जन्म गेला त्याला कुणीतरी उलटा प्रश्न विचारला होता. सर झऱ्याकडे बघत बसले.

उतरताना त्यांनी कुठल्याच उताराची कशाशी तुलना केली नाही. एवढंच म्हणाले, "बाई, वीस वर्षं मी हे शोधत होतो. दोन गटांना एकच प्रश्न विचारला तर तो दोघांसाठी एकच प्रश्न राहतो का? मला वाटायचं कधीतरी असं उदाहरण सापडेल की कुणाला पुन्हा विचारावं लागू नये. आज सापडलं." पुण्याला त्यांच्या विषयाची मोठी परिषद भरायची. तिथे त्यांच्या बरोबरीचे लोक त्यांच्या त्या कोण वर कोण खाली ह्या हट्टाला हसायचे, हे मला माहीत होतं. तिथे हे वाचून दाखवलं असतं तर हसणाऱ्यांची तोंडं मिटली असती. मी तसं म्हटलंही. त्यांनी छत्री उघडली. ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता.

त्यांचा अहवाल मी नंतर वाचला, डॉक्टरांनी दाखवला. पानभरसुद्धा नव्हता. त्यात लिहिलं होतं की दोन्ही ठिकाणच्या लोकांनी उत्तरांच्या पायऱ्या वेगवेगळ्या रीतीने वापरल्या आहेत, म्हणून ह्या उत्तरांवरून कोणता गट जास्त समाधानी आहे हे सांगता येत नाही, आणि त्यांच्या आधारे कोणावरही कारवाई करणं योग्य होणार नाही. बस. गुरुजी नाहीत, आजी नाही, झरा नाही.

मी शनिवारी त्यांना विचारलं, "सर, खरं कारण का नाही लिहिलंत? वाडीला मी सगळ्यात जास्त..." पुढे मलाच बोलवेना.

"लिहितो की," सर म्हणाले. "वाडी तुमच्यावर जीव टाकते असं लिहितो. साहेब वाचेल. पोलादपूरच्या दवाखान्यात चांगली नर्स पाहिजेच आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही तिथे." मग म्हणाले, "काही सांगता येत नाही, हेही खरंच आहे, बाई. मी खोटं काही लिहिलेलं नाही. फक्त सगळं लिहिलं नाही."

साहेबांनी त्यांना बोलावून झापलं. इतके आठवडे कागद घरी ठेवून घेतलेत आणि शेवटी म्हणता काही सांगता येत नाही? सर म्हणाले, "मी तेच सांगतोय, साहेब." त्यानंतर कार्यालयाने त्यांच्याकडे काही काम दिलं नाही. प्राचार्यांनीही बरेच दिवस तोंड फिरवलं. पुण्याच्या परिषदेला ते गेले, पण काही न वाचता परत आले. मी विचारलं तर म्हणाले, "तिथे सरकारी माणसं पण असतात." बस, तेवढंच. त्या माणसाने आयुष्यात एकदा मिळालेली गोष्ट एका वाडीसाठी खिशात घातली आणि वर चहा मागितला. मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही. चहा केला.

माझा बदलीचा कागद तसाच कुठेतरी पडून राहिला.

कमळला मुलगी झाली, दिवसाउजेडी, माझ्या हातात, आणि झाल्याबरोबर असा टाहो फोडला तिने की अख्खी वाडी अंगणात जमली. भागीआजी तोंडाला पदर लावून रडत होती. महिन्याभराने सर बघायला आले, पुन्हा तेच कॅनव्हासचे बूट. आजीने पोर त्यांच्या मांडीवर दिलं आणि समोर नाचणीची भाकर, वर लसणीची चटणी ठेवली. सरांनी विचारलं, "काय आजी, नात कशी आहे?"

आजीने इकडेतिकडे बघितलं. "ठीक हाय."

सरांनी भाकरीचा तुकडा तोडला, चटणीला लावला, खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या, इतकी तिखट. सगळी वाडी बघत होती. आजीने विचारलं, "भाकर कशी झाली?"

"ठीक हाय," सर म्हणाले, अगदी तिच्याच स्वरात.

वाडी हसली. त्या वाडीत परक्या माणसासमोर मी एवढ्या मोठ्याने हसणं ऐकलं ते पहिल्यांदा. सरांच्या त्या वाडीच्या फेऱ्या मग पुढे चालूच राहिल्या. आंबे-फणसाच्या दिवसांत तर हमखास. चाचांनी एकदा त्यांना विचारलं, "सर, वर काय आहे एवढं?" सर म्हणाले, "तुमच्या जिन्यापेक्षा चढ जास्त आहे."

पुढे कॉलेजातून त्यांची सेवा संपली आणि साताऱ्याहून मुलाने बोलावलं. त्या दिवशी मी सुट्टी काढून महाडला आले. आमच्या ह्यांनी डेपोतून सांगून त्यांना खिडकीची जागा धरून दिली. एक ट्रंक, एक छत्री, आणि आजीने पाठवलेली झऱ्याच्या पाण्याची बाटली. चाचासुद्धा स्टँडवर आले होते. त्यांनी नुकतीच तिसरी पायरी दुरुस्त करून घेतली होती आणि तसं सरांना सांगायचा त्यांना धीर होत नव्हता.

गाडी सुटायची वेळ झाली. सर खिडकीतून वाकून म्हणाले, "बाई, एक विचारायचं राहून गेलं. शेजारी म्हणून मी कसा होतो?"

त्या न केलेल्या एका सहीबद्दल बोलायचं होतं, त्या वाचून न दाखवलेल्या निबंधाबद्दल बोलायचं होतं. तुमच्यासारखा माणूस मी दुसरा बघितला नाही, सर, हे तर अगदी ओठांवर होतं. मी ते गिळलं. आजीने नातीबद्दल म्हटलं होतं तसं, इकडेतिकडे बघून मी म्हटलं, "ठीक होतात, सर."

त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसत बसले, पुन्हा डोळ्यांना लावलाच नाही.

"नुसता ठीक?"

"नुसते ठीक."

कंडक्टरने दोनदा घंटी ओढली. मी ठीकच म्हटलं होतं. तरी गाडी सुटलीच.